रतीब लावा

॥ बिरोबा प्रसन्न ॥

कोकरेवस्ती, ता. माळशिरस
बुधवार, १४ ऑगस्ट २०२४

अजिनाथराव पाव्हणं यांस रामराम.

घोंगड्यांच्या गठ्ठ्यात वरून तिसऱ्या घोंगडीच्या घडीत हे पत्र ठेवले आहे. फोन करता आला असता, पण आमच्या घरात फोन म्हणजे चावडी. आमची मंडळी, म्हणजे तुमची अक्का, तो स्पीकरवर टाकूनच बोलते आणि आई गोठ्यातून उत्तरे देते. ही गोष्ट त्या दोघींच्या कानावर जाता कामा नये. तेव्हा दर बुधवारी टेम्पोने गठ्ठा येईल त्यात पत्र शोधावे आणि उत्तर परतीच्या गोणपाटात घालावे.

पंचमीला तुमच्याकडे जेवताना जे झाले ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे शब्द फिरवायला नको. मी दोन वर्षे 'मेंढरामागं' नावाचा ब्लॉग लिहितो आहे. दर रविवारी एक लेख. गवत, ढग, मेंढरांचे स्वभाव, वडिलांबरोबर चाललेल्या वाटा. तुमची अक्का आत दिंडं उकडत होती, तुमची लेक सृष्टी वाढत होती, आणि तुम्ही विचारलेत, "दाजी, तुमचा ब्लॉग मेंढरं तरी वाचत्यात का?" तुम्ही हसलात त्याचे काही नाही. सृष्टी हसली, ते मला लागले. मी म्हणालो, दसऱ्यापर्यंत एका दिवसात शंभर माणसे येतील. तुम्ही म्हणालात, "पानाच्या तळाला आकडा असतोय की. दसऱ्यापातूर त्यावर एकदा जरी शंभर दिसलं, तर ही मिशी उतरवीन." आणि मी, हायस्कूलात कारकुनी करणारा, जन्मात पत्त्यांना हात न लावलेला माणूस, बोलून गेलो, "न्हाय दिसलं तर माझी."

एसटीत बसल्यावर टेंभुर्णीच्या पुढे लक्षात आले की आई जिवंत आहे.

आपल्यात माणूस मिशी कधी उतरवतो ते तुम्हाला सांगायला नको. तुमचे आईवडील गेले, तुम्ही मोकळे आहात. मी दसऱ्याला बिरोबाच्या पालखीपुढे ढोल घेऊन उभा राहणार आणि सारा गाव माझ्या ओठाकडे बघून आईचे काय झाले ते विचारणार. ती तिथेच उभी असणार. तिच्या जिवावर पैज लावल्यासारखे झाले हे. देवापुढे नाक घासले, पण देव म्हणजे काही तुम्ही नव्हे, म्हणून तुम्हालाही विनंती. मिशीऐवजी काळ्या शेळीचे करडू चालेल का?

आजचा आकडा अकरा. त्यात चार वेळा मीच.

आपला
बिरुदेव


नवी पेठ, सोलापूर
गुरुवार, २२ ऑगस्ट

दाजी, रामराम.

तिसरी घोंगडी गिऱ्हाइकाम्होरं झटकली आन् पत्र खाली पडलं. बाई म्हणल्या, "काय ओ, प्रेमपत्र हाय का?" मी म्हणलं, "व्हय की. आमच्या दाजींचं."

करडू चालणार न्हाय. करडाला दाढी असती, मिशी नसती. पैज मिशीची हाय.

पर आमी काय कसाई न्हाय. सृष्टीला तुमची दया आली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकती, त्याचा उपयोग मामाला व्हावा म्हणती. तिचं म्हणणं असं, की तुमचा ब्लॉग म्हंजी लांबची वस्ती. माणसानं रोज उठून तितवर चालत कशाला यावं? लेखच त्याच्या घरला गेला पायजे. त्याला आरएसएस फीड म्हणत्यात. पानावर एक नारंगी खूण लावायची. वाचणाऱ्यानं ती खूण एकदा आपल्या मोबाईलमधल्या वाचायच्या ॲपात जोडली की झालं. तुमी रविवारी लेख टाकला की तो आपसूक त्याच्या हातात. बोलवायला नको, आठवण करायला नको, फुकट.

ती मला विचारत हुती, आख्खा लेख धाडायचा सेटिंग ठेवू का नुसत्या पयल्या चार ओळी? मी म्हणलं, आख्खा ठेव. आपलं दाजी दिलदार माणूस. अर्धा लेख धाडणं त्येंच्या सोभावात बसत न्हाय.

बघा, किती इचार करतो तुमचा. फोनवर तीच सगळं सांगंल.

तुमचा
अजिनाथ
(मिशीवर हात फिरवत)


॥ बिरोबा प्रसन्न ॥

कोकरेवस्ती
बुधवार, ४ सप्टेंबर

अजिनाथराव पाव्हणं यांस,

नारंगी खूण लागली. सृष्टीने फोनवर एक एक पायरी सांगितली. फोन अर्थातच स्पीकरवर होता. "मामा, आता आरएसएस चालू करा," असे ती म्हणताच आई गोठ्यातून ओरडली, "ह्या वयात शाखेत जातूस व्हय रं? गुडघं धड न्हाईत तुजं!" हे निराळे आहे, हे पटवायला अर्धा तास गेला. त्यात तुमच्या अक्काला एवढेच कळले की सृष्टी मला काहीतरी शिकवते आहे. पैजेचा पत्ता कोणाला नाही.

मग शब्दाची अडचण आली. त्या खुणेखाली काय लिहायचे? फीड म्हणजे आमच्या सोसायटीत पेंडीचे पोते. आमच्या इंग्रजीच्या सरांना विचारले तर ते म्हणाले, "चारा घालणे." वाचणाऱ्याला चारा घालायचा हे मला पटेना. दोन दिवस डोक्यात तेच. परवा सकाळी काळीची धार काढून तांब्या घेऊन शेजारच्या सोजरबाईच्या दाराकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत थांबलो. न बोलावता, ठरल्या वेळी, दुसऱ्याच्या दारात जाऊन जे घालायचे, त्याला आपल्याकडे शब्द आहेच की. रतीब.

मला तो शब्द फार आवडला. रतीब लावणे म्हणजे एकाने दुसऱ्याला शब्द देणे. पाऊस असो, अंग दुखत असो, घालणारा चुकवत नाही. आणि घेणाऱ्याने भांडे धुऊन ठेवलेले असते.

तेव्हा खुणेखाली मोठ्या अक्षरात लिहिले, "रतीब लावा". वर काळीचा फोटो आहेच. खाली माझा नंबर आणि, गैरसमज नसावा, सोलापुरातला पत्ता म्हणून तुमचे दुकान. सृष्टीने ते पान शहरातल्या पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुपांवर पाठवले.

आजचा आकडा तेवीस. मिशीला तेल लावून ठेवा.

बिरुदेव


नवी पेठ
गुरुवार, १२ सप्टेंबर

दाजी,

तुमी माझं दुकान बुडवायचं ठरवलंय का?

सोमवारी शटर वर केलं तर म्होरं पाच माणसं. परत्येकाच्या हातात किटली न्हाय तर बरणी. शहरात तापाची साथ हाय. डॉक्टर कायबी म्हणू देत, तापात शेळीचं दूध पायजेच म्हणणारी लई माणसं हायत हितं. त्यांनी मोबाईलवर काय बघितलं? शेळीचा फोटो. खाली 'रतीब लावा'. खाली माझा पत्ता. झालं!

पयल्या नंबरला मागच्या गल्लीतल्या पार्वतम्मा. सत्तर वर्सांच्या, त्यांच्या घरात चादरीचे माग. चरवी काउंटरवर ठिवली आन् म्हणल्या,

"अर्धा लिटर. रोज."

"अम्मा, दूध न्हाय ओ. लेख हाय."

"लेख म्हंजे?"

"आमचं दाजी लिवत्यात. शेळीवर."

"शेळीवर लिवतो आणि दूध देत नाही?"

"न्हाय."

"मग काय करायचं त्या लेखाचं?"

"वाचायचं."

त्यांनी चरवी बाजूला सारली, माझ्या स्टुलावर बसल्या आन् म्हणल्या, "वाच मग. चालत आलेय मी. रिकामी जाऊ काय?"

काय करता! मोबाईल काढला आन् वाचला. त्यो तुमचा रविवारचा, काळी शेळी पावलाच्या आवाजावरनं माणूस वळखती त्यो. बाकीची चौघंबी किटल्या खाली ठिवून ऐकत हुती. संपल्यावर अम्मा म्हणल्या, "चांगला आहे. पण शेळी दूध किती देते ते लिवलाच नाही. अर्धवट माणूस आहे." आन् जाता जाता, "पुढच्या सोमवारी येते. अकराला." सृष्टीनं बाकी चौघांच्या मोबाईलात तुमचा रतीब जोडून दिला. त्यातल्या दोघांनी घोंगड्या घेतल्या, ती गोष्ट येगळी.

तुमच्या आकड्यावर माझं बारीक लक्ष हाय. रोज सकाळी बघतो. तेवीस हुता न्हवं? आज सतरा. तेल तुमीच लावा.

अजिनाथ


॥ बिरोबा प्रसन्न ॥

कोकरेवस्ती
बुधवार, २५ सप्टेंबर

अजिनाथराव पाव्हणं यांस,

तुमच्याकडे पाच आली, माझ्याकडे फोनांचा पाऊस. शाळेत हजेरीपट भरताना, मंदिरात आरतीला, विहिरीवर. "शेळीचं दूध हाय का?" प्रत्येकाला सांगितले की दूध नाही, लेख आहे. काहींनी शिव्या घातल्या, त्या रास्तच. काही म्हणाले, बरं, लेख तर लेख, कसा लावायचा ते सांगा. अक्कलकोटच्या बाजूचे नंदीश म्हणून एक जण आहेत, बेकरीत काम करतात. म्हणाले, "दूध नाही तर राहू दे ओ सर. आमचे बाबा तापात पडून आहेत, झोप नाही त्यांना. लेख तरी वाचून दाखवतो." त्यांना खूण जोडून द्यायला पाऊण तास लागला. सृष्टीने शिकवलेले सगळे मी आता दुसऱ्यांना शिकवतो. अशी किती माणसे झाली त्याचा हिशेब ठेवला नाही.

पण अजिनाथराव, आकडा उतरतोच आहे. सतरा, नऊ, सहा. काल तीन. त्यात एक मी, एक तुम्ही, कारण तुम्ही रोज बघता असे लिहिले आहे. म्हणजे उरला एक. त्या एकाचे मला फार कुतूहल आहे. भेटला तर त्याला जेवायला बोलावीन.

काल संध्याकाळी बिरोबापुढे बसलो होतो. देवाजवळ आकडा मागायचा होता, पण तोंडातून निघेना. लोक पाऊस मागतात, पोरीचे लग्न मागतात, मी शंभराचा आकडा मागणार! उठून आलो. वाटेत एकच विचार होता. सुरुवातीला आकडा तेवीस होता. खूण लावली, शब्द दिला, रविवार एकही चुकवला नाही, आणि माणसे निघून गेली. याचा अर्थ लेखच चांगले नाहीत. तुम्ही दुकानदार आहात, माल ओळखता. चेष्टा बाजूला ठेवून खरे सांगा, माझे लिहिणे कसे आहे?

मिशी जाणार हे आता धरून चाललो आहे. आईला कसे सांगायचे, तेवढेच राहिले.

बिरुदेव


सोलापूर
२६ सप्टेंबर

मामा,

पप्पा गिऱ्हाईक करतायत तेवढ्यात लिहितेय. तुमचं पत्र मी वाचलं. सॉरी. घडीतून बाहेर डोकावत होतं.

तो उरलेला एक म्हणजे मी. जेवायला कधी येऊ?

आता नीट ऐका. माणसं निघून गेलेली नाहीत. पानाच्या तळाचा आकडा फक्त पानावर आलेली माणसं मोजतो. तुमच्या उंबऱ्यावर किती चपला आल्या, एवढंच त्याला कळतं. ज्यांनी रतीब लावलाय त्यांना आख्खा लेख घरबसल्या मिळतो. ती माणसं पानावर येतीलच कशाला? म्हणून जितके रतीब वाढले तितका आकडा खाली गेला. मी वेगवेगळ्या ॲपांमधून जमेल तसं पाहिलं. निदान दोनशे त्रेसष्ट जणांनी 'मेंढरामागं' लावलाय, मामा. दोनशे त्रेसष्ट!

आणि हे पप्पांना पहिल्यापासून माहीत होतं. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आख्खा लेख घरी गेला तर पानावर कोण येणार?" मी म्हटलं, कोणीच नाही. तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला. मीही हसले. माझं चुकलं. त्यांनी ते दिलदार-बिलदार लिहिलं ना, तो सापळा होता. पण हेही सांगते, सगळ्यात पहिला रतीब त्यांच्याच मोबाईलवर लागला. माझ्याकडून लावून घेतला आणि कुणाला सांगू नकोस म्हणाले.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये 'पूर्ण' आहे तिथे 'थोडक्यात' करा. मग रतिबात चारच ओळी जातील आणि खाली 'पुढे वाचा' येईल. ते दाबलं की माणूस पानावर. दोनशे त्रेसष्टमधले निम्मे आले तरी पप्पांची मिशी गेली.

तुमची
सृष्टी


॥ बिरोबा प्रसन्न ॥

कोकरेवस्ती
बुधवार, २ ऑक्टोबर

चि. सृष्टीस आशीर्वाद.

हे पत्र तुझे पप्पा तुझ्या आधी वाचतील. वाचू देत.

तू सांगितलेस तसे केले. रविवारी लेख होता माझ्या वडिलांची गाभण मेंढी ओढ्याकडच्या खड्ड्यात पडली त्याचा. चार ओळी अशा ठिकाणी तुटल्या की मेंढी खड्ड्यात आणि वडील काठावर. 'पुढे वाचा.' सकाळी आठला आकडा बारा होता. दहाला चौतीस. दुपारी अठ्ठावन्न. खोटे कशाला बोलू, मी आरशापुढे जाऊन मिशीला पीळ दिला.

तेवढ्यात नंदीश यांचा फोन.

"सर, मेंढी वर आली का नाही?"

"खाली 'पुढे वाचा' आहे, ते दाबा."

"दाबलं ओ. नुसतं चक्र फिरतंय. बेकरीच्या मागं रेंज कुठली. येता-जाता रतिबात आपोआप उतरलेलं असतं तेवढंच वाचता येतं इथं. बाबा सारखं विचारतायत. तुम्ही आजारी आहात काय, म्हणाले. लिहिता लिहिता पडला असाल, म्हणाले."

मग मीच फोनवर उरलेला लेख सांगितला. पलीकडून म्हातारबाबा कानडीत काहीतरी म्हणाले. नंदीशना विचारले, तर म्हणाले, "बाबा म्हणतात, आता झोपतो."

फोन ठेवला आणि मला बसवेना. दुधात पाणी घालणाराही निदान माप पूर्ण देतो. मी मापच अर्धे केले होते. आणि कशासाठी, तर माझ्या ओठावरच्या केसांसाठी. आईची काळजी म्हणून मी स्वतःला जे सांगत होतो, त्यात आई किती आणि मिशी किती, हे त्या दिवशी मला नीट दिसले.

सेटिंग पुन्हा 'पूर्ण' केले. आकडा एकाहत्तरवर थांबला. काल पुन्हा चार.

अजिनाथराव, तुम्ही वाचत आहातच, म्हणून तुम्हाला. सापळा उत्तम होता. मी त्यात पडलो आणि मला दोनशे त्रेसष्ट माणसे मिळाली, तेव्हा माझी तक्रार नाही. पैज आकड्यावर होती, रतिबावर नव्हती. शब्द म्हणजे शब्द. दसऱ्याला सकाळी मिशी उतरवीन. आईला अजून सांगितलेले नाही.

सृष्टी, जेवायला कधीही ये.

बिरुदेव


नवी पेठ
गुरुवार, १० ऑक्टोबर

दाजी,

मिशीला हात लावू नका. पैज मोडली. मीच मोडली असं समजा, वाटल्यास लिवून देतो, हेच लिवलेलं समजा.

चेष्टा करता करता लई लांब गेलो. त्या रविवारी माझ्याबी मोबाईलवर चारच ओळी आल्या. खरं सांगू का, ताटात घास घ्यावा आन् कुणी हात धरावा तसं झालं. मी काय 'पुढे वाचा' दाबलं न्हाय. दाबलं असतं तर तुमचा आकडा एकानं वाढला असता! म्हणून सोमवारपातूर तसाच तळमळत बसलो. मग तुमी आख्खा धाडला तवा दुकानात वाचला. मेंढी वर आली तवा पार्वतम्मांनी पदरानं डोळं पुसलं आन् मला म्हणल्या, "ह्या माणसाची तू चेष्टा करतोस?" म्हंजी सृष्टीनं त्यांनाबी सांगितलंय. सगळी पेठ आता तुमच्या बाजूनं.

लिवणं कसं हाय इचारलं हुतं. माल चांगला हाय. दुकानदार खोटं बोलतो, पर स्वतःच्या पैशानं घेतल्याल्या मालाबद्दल बोलत न्हाय. तुमचा फुकट हाय, तरी तेच.

आत्तीचं, तुमच्या आईचं, वय झालंय. सणाच्या दिवशी तिच्या म्होरं तसलं तोंड घेऊन जाऊ नका. पाया पडतो.

अजिनाथ


॥ बिरोबा प्रसन्न ॥

कोकरेवस्ती
बुधवार, १६ ऑक्टोबर

अजिनाथराव पाव्हणं यांस,

तुमचे पत्र मला सोमवारी मिळाले. दसऱ्याच्या साफसफाईत तुमच्या अक्काने गोणपाट न सोडताच माळ्यावर टाकले होते. दसरा शनिवारी झाला. पुढचे समजलात.

सकाळी नऊला बिरप्पा न्हाव्याकडे गेलो. त्याने साबण लावला आणि हात थांबवला.

"दादा, आई कवा गेल्या?"

"गेली न्हाय. घरी झेंडूचा हार ओवतीय."

"मग वस्तरा कसा लावू?"

"देवाचं नाव घेऊन लाव. शब्द दिलाय."

त्याने डोळे जवळजवळ मिटून मिशी उतरवली आणि पैसे घेतले नाहीत. मी मुद्दाम ओढ्याच्या वाटेने, सावकाश, आईला काय सांगायचे ते जुळवत घराकडे निघालो. तीच चूक झाली. बातमी सडकेने गेली आणि माझ्या आधी पोचली. मी पोचलो तेव्हा दारात पंधरा-वीस माणसे. सोजरबाई सगळ्यात पुढे, पदर डोळ्याला लावून, मोठ्याने रडत. आणि आई पायरीवर बसून सुईत दोरा ओवत होती.

"सोजरे, कोण गेलं गं?"

सोजरबाईने पदर काढला, आईला बघितले आणि रडणे अर्ध्यातच सोडले. "आत्ती... तुमी."

"मी? मग हार कोण ओवतंय?"

मग आईने माझ्याकडे बघितले. मी तिच्या पायाशी बसलो आणि पंचमीपासून सगळे सांगितले. तुमची अक्का उलथणे घेऊन दारात उभी होती. मला वाटले, आई रडेल. सणाच्या दिवशी तिच्या जिवाला लागेल.

तिने हार बाजूला ठेवला आणि म्हणाली, "उठ. मेल्यावर कोण कोण आलं, ते मेल्याला कवा कळतंय का? मला कळलं. सोजरी खरं रडली. त्यो मागं उभा हाय त्यो नुसतंच डोळं चोळतोय, मगाधरनं बघती मी. आन् धाकट्या आळीचं अजून कोणच आलं न्हाय." मग आत वळून, "सूनबाई, चा टाका सगळ्यांना. एवढी लांबनं आल्यात माझ्यासाठी."

धाकट्या आळीची माणसे अकरा वाजता आली. तिने त्यांना उशिराबद्दल सुनावले आणि मगच चहा दिला.

हे सगळे मी दुपारी वीस-पंचवीस ओळींत लिहिले आणि रतिबात घातले. रविवार नव्हता, पण सणाचा जादा. नाव दिले, "आई जिवंत आहे". फोटो रतिबातून कसा धाडायचा ते मला अजून जमत नाही, म्हणून शेवटी खरे तेच लिहिले, "तोंड पाहायचे असल्यास पानावर यावे."

पालखी उठली. मी ढोल गळ्यात घातला. फोन तुमच्या अक्काकडे होता. भंडारा उधळत होता, दहा ढोल वाजत होते आणि त्या गर्दीतून ती ओरडत आली, "अवो! एकशेचार!" मला वाटले तिला ताप भरला. संध्याकाळी आकडा तीनशे अठ्ठ्याऐंशी होता. अख्खे सोलापूर माझा उघडा ओठ बघायला उंबऱ्यापर्यंत आले होते.

आता पैजेचे. ती दसऱ्यापर्यंत होती, आणि दसरा काही सकाळी नऊला संपत नाही. तुमच्या पत्राने पैज मोडली म्हणावी, तर पत्र माळ्यावर होते. मी तुमची मिशी मागणार नाही. मला तिचा उपयोगही नाही.

पण आई मागते आहे. रोज सकाळी फोनकडे बघून विचारते, "अजिनाथानं उतरवली का?" उद्यापासून ती स्पीकरवर स्वतः विचारणार आहे.

बिरुदेव


नवी पेठ
गुरुवार, २४ ऑक्टोबर

दाजी,

उतरवली. आत्तीला सांगा, आन् फोन करू नका म्हणावं, दुकानात गिऱ्हाईक असतंय.

सोलापूरचा न्हावी काय बिरप्पासारखा मऊ काळजाचा न्हाय. इचारलंबी न्हाय, दोन हात मारले आन् आरसा म्होरं धरला. दाजी, मी खुर्चीतनं उठून उभा ऱ्हायलो. आरशात अक्का! आईबापाच्या येळंला उतरवली हुती, पर तवा आरसा कोण बघतंय? त्योच वरचा ओठ, त्योच दाबल्याला, आत्ता कुणाला तरी बोलणार असा. चाळीस-बेचाळीस वर्सं आमी भावंडं दिसायला येगळी, असं सगळी म्हणत हुती. एवढंच अंतर हुतं, मिशीएवढं.

तोंडाला रुमाल लावून मागच्या गल्लीनं घरी आलो. दारात सृष्टीच्या आईनं मला बघितलं. हसली न्हाय, अजाबात हसली न्हाय. डोक्यावर पदर घेतला, पाण्याचा तांब्या म्होरं केला, वाकून नमस्कार केला आन् म्हणली,

"या वन्सं. एकट्याच आलात व्हय?"

अजिनाथ